उतारावर बंद गाडी

शहापूरहून जवळच्या भंडाऱ्याला मी रोज कामाला शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचो; पेट्रोलचा खर्च निम्मा-निम्मा. पेट्रोल महागत गेलं तसे ते उड्डाणपुलाच्या उतारावर इंजिन बंद करू लागले. "उतार तं फुकट हाये ना, भाऊ," म्हणायचे. मागे ट्रक दिसला की मी त्यांचा खांदा घट्ट धरायचो.

एकदा ट्रकने हॉर्न दिला, गाडी सुरूच होईना आणि आम्ही रस्त्याकडेला आडवे झालो. त्यांचा गुडघा फुटला. तरी त्यांनी आधी गाडी उभी केली, कारण टाकीतून पेट्रोल गळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी बसने जायला निघालो, तोच ते लंगडत दारात आले. "आता गाडी बंद नाई करत. पन बसनं नोका जाऊ, भाऊ. एकट्यानं पेट्रोल मले नाई झेपत."

मी मागे बसलो. उतारावर इंजिन चालू होतं. ते मात्र रस्त्याऐवजी पेट्रोलच्या काट्याकडे बघत होते.