शक्तिवर्धक गोळ्यांची बाटली

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे वाहने लावू नयेत' अशाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही अक्षर वाकडं गेलेलं नाही असं मी स्वतःच सांगत असतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. माझी सर्वांत सुबक पाटी मात्र चार बोटं रुंद आहे आणि ती एका बाटलीवर आहे.

अकरा वर्षांपूर्वी मला एचआयव्ही असल्याचं कळलं. डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, न चुकता घेतलीत तर चांगले म्हातारे व्हाल. त्यामुळे आजाराची भीती पंधरवड्यात गेली. उरली ती वहिनींची. मी थोरल्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहतो. खोली झाडायला वहिनी येतात आणि त्यांच्या नजरेतून टाचणी सुटत नाही. तेव्हा मी गोळ्यांच्या बाटलीवरचं छापील लेबल खरवडून काढलं आणि तिथे 'शक्तिवर्धक' असं रंगवलं. अक्षरांना सोनेरी कड, खाली हलकी सावली. दर महिन्याच्या गोळ्या त्याच बाटलीत ओतायच्या, नवी बाटली गावाबाहेर फेकायची. एखाद्या दरोडेखोराने लूट लपवावी इतके कष्ट मी तब्येत लपवायला घेतले.

दुसरी खबरदारी पेल्याची. भांड्यांतून हा आजार पसरत नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं होतं. मी तिन्ही वेळा मान डोलावली आणि घरी येऊन माझा पेला वेगळा धुवायला लागलो. मान डोलावण्यात मी लहानपणापासून पटाईत.

यंदा ताईचा फोन आला. तिने लांब, दुसऱ्या देशात शिवणकामाचं दुकान काढलं होतं आणि पाटी सख्ख्या भावानेच रंगवायची असा तिचा हट्ट होता. नऊ वर्षांत आमची भेट नव्हती. तिकिटं दोन आली, माझं आणि वहिनींचं. भावाला रजा मिळेना. त्या देशात शिरायला यलो फीवरची लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. निघायला पंधरा दिवस होते. माझे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "लस देणाऱ्यांना आजार नक्की सांगा. काही लसी जिवंत असतात, म्हणजे त्यांत दुबळे केलेले विषाणू असतात, त्या सगळ्यांना चालत नाहीत." मी मान डोलावली.

लसीच्या दवाखान्यात सोबत जाणाऱ्यांना सोबतच आत घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. फॉर्मवर आजारांची नऊ नावं होती. वहिनी शेजारच्या खुर्चीवरून माझं अक्षर कौतुकाने पाहत होत्या. मी नऊ वेळा 'नाही' लिहिलं. नऊही 'नाही' अगदी एका मापाचे, पाटीवर शोभावेत असे.

नर्सने दंडावर कापूस फिरवला आणि रोजचं वाक्य म्हटलं, "ही जिवंत लस आहे. काही आजार, रोजची औषधं, प्रतिकारशक्तीचा त्रास? नाही ना?"

मी वहिनींना म्हटलं, तुमची छत्री बाहेर राहिली वाटतं. त्या म्हणाल्या, छत्री मांडीवर आहे. पुढची युक्ती मला सुचेना. इतक्या वर्षांची कारस्थानं, आणि ऐनवेळी जवळ एक छत्री. सुई दंडाजवळ आली. गप्प बसलो तर लस मला चालेल की नाही हे कोणी तपासणारच नव्हतं. बोललो तर राहतं घर जाईल, असा माझा अकरा वर्षांचा हिशेब होता.

"थांबा," मी म्हणालो. "मला एचआयव्ही आहे. रोज गोळी घेतो."

नर्सने सुई झाकली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. सीडी-फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकार करणाऱ्या पेशी, किती, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सहाशेच्या वर, चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट घरी रंगाच्या डब्यात आहे. त्या म्हणाल्या, दोनशेच्या खाली असता तर दिलीच नसती. उद्या रिपोर्ट आणा, तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू. मग पाणी उकळून पिणं, डासांपासून जपणं, घड्याळ बदललं तरी गोळीचं अंतर सांभाळणं, असं बरंच सांगितलं. "आणि गोळ्या मूळ बाटलीत न्या, छापील लेबलासकट. वर डॉक्टरांची चिठ्ठी."

"मूळ लेबल नाही," मी म्हणालो. "मी दुसरं रंगवलंय. शक्तिवर्धक म्हणून."

वहिनींनी मांडीवरची छत्री खाली ठेवली. "त्यातल्या चार मी घेतल्यात."

गेल्या वर्षी माझा महिना चार दिवस आधी संपला होता. गोळ्या टर्पेंटाइनमध्ये सांडल्या, असं सांगून मी गोळ्या देणाऱ्या केंद्रातल्या बाईंची बोलणी खाल्ली होती. चोर घरात, आणि बोलावणं मीच सोनेरी अक्षरांत लिहून ठेवलेलं.

डॉक्टरीणबाईंनी वहिनींना चार-दोन प्रश्न विचारले, आता काळजीचं कारण नाही म्हणाल्या, पण असं पुन्हा करायचं नाही अशी ताकीद दिली.

"नाही करणार," वहिनी म्हणाल्या. "थकवा मात्र गेला होता."

त्यांनी आपली लस घेतली आणि आम्ही बाहेर पडलो. फाटकापर्यंत त्या माझ्या दोन पावलं पुढे चालत होत्या. वरच्या खोलीतलं सामान किती डब्यांत मावेल, ते मी मनात मोजत होतो.

"किती वर्षं?"

"अकरा."

"म्हणजे तेव्हापासून पेला वेगळा धुता." त्या थांबल्या. "भावजी, मला वाटायचं, माझ्या हातचं धुतलेलं तुम्हाला चालत नाही. मी यांच्याकडे दोनदा रडले त्यावरून."

पेल्याने काही होत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं मी कबूल केलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा सुई बरी.

"मग धुवत कशाला होतात?"

मी मान डोलावली.

"मान नका हलवू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट पाहून मला लस मिळाली. दंड दोन दिवस ठणकला. रात्री जेवण झाल्यावर मी सवयीने पेला घेऊन उठलो, तर वहिनींनी तो हातातून काढून इतरांच्या ढिगात टाकला. भावाला त्यांनी सांगितलं असणार; तो मला फक्त एवढंच म्हणाला, की जाताना जड बॅग तू उचल, तू शक्तिवर्धक घेतोस.

ताईला सांगायचं आहेच. वहिनींचं म्हणणं, आधी दुकानाची पाटी होऊ दे, ती वाळू दे, मग सांगा, नाहीतर वन्सं रडत बसतील आणि दुकान उघडायचं राहील. मला हे पटलं. गोळ्या आता छापील लेबलाच्या बाटलीत आहेत. तिच्यावरची अक्षरं फार सुमार आहेत. माझ्या बाटलीत वहिनींनी शर्टांची सुटी बटणं भरली आहेत. तिच्यावरची पाटी रंगाने झाकायला मी ब्रश घेऊन गेलो होतो, पण त्या म्हणाल्या, राहू दे, अक्षर चांगलं आलंय.