दोन गावतळी, दोन पद्धती

पद्धतींची तुलना करणं हे माझं काम होतं आणि ते मी चोख केलं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, की बिचारी कुठल्या तरी कोपऱ्यात बसून नुसती टाचणं लिहीत असेल.

अमरावतीत आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. वरच्या मजल्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास, खाली झेरॉक्सचं दुकान आणि मधे आम्ही. त्या वर्षांत वऱ्हाडात पाहणी पथकांचा सुकाळ होता. पांढऱ्या गाड्या यायच्या, गावात खुर्च्या मांडल्या जायच्या, माणसं उठून नमस्कार करायची, गाड्या जायच्या. प्रत्येक पथकाची कामाची रीत निराळी आणि प्रत्येकाला आपलीच खरी वाटायची. आम्हाला पैसे देणाऱ्यांनी शेवटी विचारलं, की यातली नेमकी कुठली रीत चालते ते एकदा करून दाखवा. म्हणून अकोटच्या पुढे, पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यात, दोन गावं निवडली. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं खारं, की डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. दोन्ही गावांत पिण्यासाठी एकेक गावतळं खोदायचं, पावसाचं गोडं पाणी साठवायचं आणि कडेला वाळूची गाळण बांधायची. काम एकच, पद्धती दोन. टिपणं माझ्याकडे.

पहिल्या गावात पायऱ्यांची पद्धत. ती आमच्या सरांची. आधी सगळा आराखडा, मग त्यावर सह्या, मग काम. एक पायरी पुरी झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही. सरांनी संगणकावर आडव्या पट्ट्यांचा तक्ता काढला होता आणि तो चिकटपट्टीनं जोडून ऑफिसच्या भिंतभर लावला होता. वेळेवर असलेली पट्टी हिरवी, उशीर झाला की लाल. तक्त्यात सगळं होतं, फक्त लग्नसराई नव्हती. वैशाखात खोदाईच्या मशीनचा ड्रायव्हर मेव्हणीच्या लग्नाला गेला तो पाच दिवस परतला नाही. सर तेवढे दिवस भिंतीकडे पाठ करून बसले.

दुसऱ्या गावात आठवड्यांची पद्धत. ती शिकवायला बंगळूरहून एक बाई आल्या होत्या. हुशार होत्या आणि मनानंही चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू. त्यांचं म्हणणं, मोठा आराखडा करूच नका. दर आठवड्याला गाव जमवा, चिठ्ठ्या लिहा, फळ्यावर तीन रकाने आखा: करायचं, चालू, झालं. लोक ठरवतील तसं पुढचा आठवडा काम. बैठक उभ्यानं घ्यायची, म्हणजे लांबत नाही. पहिल्याच बैठकीत पारावरचे एक आजोबा म्हणाले, "उभ्यानं काय बोलाचं? बस नं बाई, पाय दुखतीन तुये." बाई हसल्या आणि पारावर बसल्या. मला ती पद्धत तेव्हाच आवडली.

दोन्ही तळ्यांचं दगडी काम एकाच मिस्त्रीकडे होतं. त्यांना मी चाचा म्हणायची. ते दुसऱ्या गावचे. त्यांच्या घराण्यात विहिरी बांधायचं काम चालत आलेलं. पण त्या पट्ट्यात विहिरी बांधून उपयोग नाही, म्हणून मग घरं, मशिदीचा ओटा, देवळाची पायरी, मिळेल ते. चाचांनी आमचं काम का घेतलं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. चाचीच्या किडन्या बिघडल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी खारं पाणी बंद करायला सांगितलं होतं. चाचा सायकलला दोन कॅन बांधून लांबच्या गावाहून गोडं पाणी आणत. उन्हाळ्यात तिथला नळ दोन-दोन दिवस यायचा नाही. मग घरी तेच विहिरीचं.

"तळं झालं का मंग चिंता नाई मॅडम," ते म्हणाले. "मी बांधीन असं का पन्नास वर्षं दगड हालनार नाई."

चाचांची स्वतःची एक पद्धत होती. खोदकाम चालू झालं की दर फुटाला ते खड्ड्यात उतरत, बाजूची माती चिमटीत घेत आणि जिभेला लावत. मग थुंकून, पाण्यानं चूळ भरून वर येत. मी विचारलं, हे काय? म्हणाले, खालच्या मातीत मीठ असते, ते कुठून सुरू होते ते जिभेलेच कळते. एकदा त्या थराला हात लागला की वर कितीही गोडं पाणी साठवा, हळूहळू ते खारं होणार. त्यांच्या वडिलांनी तसंच शिकवलं होतं. मी ते वहीत लिहून घेतलं. कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना, म्हणून समासात लिहिलं.

पहिल्या गावात दहा फुटांवर चाचा वर आले ते मान हलवतच. "बंद करा. मीठ लागून राहिलं."

आराखड्यात खोली पंधरा फूट होती. पायऱ्यांच्या पद्धतीत बदल करायचा तर बदलाचा अर्ज. कारण, परिणाम, खर्चातला फरक आणि तीन सह्या, त्यातली एक मुंबईची. मी त्याच दिवशी अकोटहून एसटीनं अमरावतीला आले आणि अर्ज भरला. 'कारण' या ओळीपाशी अडले. मिस्त्रीनं माती चाखली, असं कसं लिहिणार? 'स्थानिक निरीक्षण' असं लिहिलं. सरांनी विचारलं, प्रयोगशाळेचा अहवाल आहे का? नव्हता. माती तपासायला पाठवली. मशीन थांबलं. भिंतीवरची पट्टी लाल झाली. आठ दिवस सह्यांची वाट पाहिली. आठ दिवसांत मंजुरी आली नाही तर मूळ आराखडा लागू, असा नियम सरांनीच लिहिलेला होता आणि सर नियमाचे पक्के. नवव्या दिवशी मशीन पुन्हा सुरू झालं आणि पंधरा फुटांपर्यंत गेलं. अहवाल त्यानंतर आला. त्यात चाचांचंच म्हणणं होतं, फक्त आकड्यांत.

मला राग आला होता, पण आशाही होती. दुसऱ्या गावातलं खोदकाम पंधरा दिवस मागे होतं. तिथं अर्ज नव्हते, सह्या नव्हत्या, माणसं होती. चाचांचं गाव, चाचांचे शेजारी. तिथं ही चूक होणार नाही, असं मी ऑफिसात ठणकावून सांगितलं.

तिथंही दहा फुटांवर चाचांच्या जिभेला मीठ लागलं. त्या आठवड्याच्या बैठकीत फळ्यावर दोन चिठ्ठ्या होत्या. एक चाचांची, दहावर थांबा. दुसरी गावातल्या पोरांची, पहिल्या गावासारखं पंधरापर्यंत जा. मत द्यायला बाईंनी रंगीत ठिपके दिले होते ते संपले होते, म्हणून किराणा दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या चिठ्ठीवर एक टिकली लावायची.

चाचा बोलले. माती दाखवली, घ्या म्हणाले, चाखून पाहा. दोघातिघांनी चाखली. एक जण म्हणाला, "आपल्या गावची माती खारटच राहते चाचा, त्यात काय?" सगळे हसले. मग दुसरा उठला. तो काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मशीन आलीच हाये तं पाच फूट अजून घेऊन घ्या नं. परत कोन येते इथं? आजवर एक तरी योजना दुसऱ्यांदा आली का?"

यावर कुणी हसलं नाही. कारण ते खरं होतं. इतक्या वर्षांत त्या गावानं एकच गोष्ट शिकली होती, की जे दारात आलंय ते पुरतं ओरबाडून घ्या, उद्या गाडी येणार नाही. थांबा म्हणणारा माणूस त्यांना वेडा वाटत होता. खोल म्हणजे जास्त पाणी, याच्यापुढे चव कोण ऐकतो?

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या गावातल्या मातीचा अहवाल माझ्या पिशवीत होता. त्याच सकाळी मी तो झेरॉक्स करून आणला होता. पण आठवड्यांच्या पद्धतीत माझं काम फळा सांभाळायचं. आपलं मत गावावर लादायचं नाही, गावाला ठरवू द्यायचं, असं बाईंनी तीन दिवसांच्या शिबिरात दहा वेळा बजावलं होतं आणि मला ते मनापासून पटलं होतं. बाई शेजारीच उभ्या होत्या. मी म्हटलं, "गाव ठरवेल तसं."

चाचांच्या चिठ्ठीवर तीन टिकल्या लागल्या. दुसरी चिठ्ठी टिकल्यांनी इतकी भरली की अक्षरं दिसेनात. बाईंनी तिचा फोटो काढला.

पाऊस बरा झाला. दोन्ही तळी भरली. पोळ्यापर्यंत पाणी गोड होतं. चाची स्वतः कळशी घेऊन गाळणीवर आली होती, तिचा हसरा फोटो आमच्या तुलनेच्या अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. दसऱ्याच्या आधी मी तुलना पुरी केली. वेळ, खर्च, सहभाग, निर्णयाचा वेग, लोकांचं समाधान, असे रकाने होते. आठवड्यांची पद्धत जवळजवळ सगळीकडे पुढे होती. ते खोटं नव्हतं. एकाही रकान्यात मी खोटा आकडा लिहिला नाही. माती चाखण्याचं जे समासात लिहिलं होतं ते उतरवून घ्यायचं राहिलं, असं मी स्वतःला सांगितलं. राहिलं नव्हतं. बसत नव्हतं म्हणून मी ते सोडलं.

थंडी पडली तसं आधी पहिल्या गावातलं पाणी बिघडलं, मग दुसऱ्या गावातलं. चाचा पुन्हा सायकलला कॅन बांधायला लागले. पण आता लांबच्या गावचे लोक त्यांना म्हणायचे, तुमच्या गावात एवढं मोठं तळं झालं ना, पेपरात फोटो होता, मग आमच्या नळावर काहून? कधी अर्धा कॅन मिळायचा, कधी हात हलवत यायचे.

चाची माघात गेली.

मला कळलं तेव्हा आमचा अहवाल मंजूर झाला होता. आठवड्यांची पद्धत आणखी दहा गावांत न्यायची होती आणि ती शिकवायचं काम मला मिळालं होतं. तळ्याचा नकाशा तोच, खोली पंधरा फूट. पहिल्या शिबिराच्या आदल्या दिवशी मी एसटीनं चाचांकडे गेले. दारात चपला होत्या, आत माणसं बसली होती, ती हळूहळू उठली. चाचा सतरंजीवर भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. बरं झालं असतं.

त्यांनी विचारलं, शिबिर कधी आहे. मी म्हटलं, उद्या.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी, टिकल्या लावल्या तवा, तुमाले मालूम होतं नं?"

"होतं."

"कागद होता तुमच्यापाशी?"

"होता चाचा. पिशवीत होता."

त्यांनी मान हलवली. "मले वाटलंच होतं," ते म्हणाले. "मी चाचीले म्हनलंबी, का मॅडमपाशी कागद अशीन तं त्या नक्की काढतीन. लोकं मिस्त्रीचं नाई आयकनार, पन मॅडमचं आयकतीन."

दुसऱ्या दिवशी मी शिबिर घेतलं. फळा सांभाळणाऱ्यानं आपलं मत गावावर लादू नये, हे मीही दहा वेळा सांगितलं.