डब्यांनी तापलेला गिअरबॉक्स

आठवलं की अजून माझे कान गरम होतात. वसमतच्या त्या हळदीच्या कारखान्यात पॉलिशचा ड्रम फिरवणारा गिअरबॉक्स तापत होता, आणि ठपका ठेवला बायकांच्या जेवणाच्या डब्यांवर.

मी नंदुरबारकडची. सातवीत शाळा सुटली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर इकडं आले, तापानं पडले, तर टोळी मला टाकून पुढच्या फडावर गेली. मावशीनं मला उचलून घरी नेलं. मावशी नात्याची नव्हे. कारखान्यात हळद निवडणारी, घरी शेळ्या राखणारी बाई. तिनं खाऊ घातलं, कामाला लावलं. तिचे उपकार या जन्मात फिटायचे नाहीत.

मला आकडे वाचता येतात म्हणून सुपरवायझरनं हातात तापमान बघायची बंदूक दिली. करोनात कपाळावर धरायचे तसली, पण मशीनची. रोज एकेका बेअरिंगवर धरायची आणि आकडा मोबाइलच्या ग्रुपवर टाकायचा. आकडा चढू लागला की मशीन मोडायच्या आधी दुरुस्त करता यावी, म्हणून हा खटाटोप. काम सोपं, पण मला कायम धाकधूक. काही चुकलं आणि काम गेलं, तर मी कुठं जाऊ?

हिवाळ्यात बायका आपले डबे त्या गिअरबॉक्सवर ठेवायच्या. दुपारी भाकरी ऊन मिळायची. त्या वर्षी जरा जास्तच ऊन मिळू लागली.

"आपली चूल लई झकास पेटून राहिली गं!" सगळ्या खूष.

पण आकडाही चढत होता. स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावली, तर आत खरखर. सुपरवायझरला सांगितलं. तो हसला.

"तुमीच वर डबे मांडता अन् तुमीच म्हणता तापलं! त्याला हवा कुठून लागंल?"

डब्यांना बंदी झाली. बायका माझ्याकडं बघत गार भाकरी चावायच्या. "आली बंदूकवाली. लेकरा, माझ्या कपाळाला लाव बरं, माझंबी डोस्कं तापलंय."

डबे गेले, आकडा चढतच राहिला. तर सुपरवायझर म्हणे, कुणीतरी चोरून ठेवतंय! आणि एका दुपारी मावशीचा डबा कोमट लागला म्हणून त्यानं तिला सगळ्यांसमोर उभं केलं.

"चोरटे, मशीन जाळायला निघालीस व्हय? उद्यापासून येऊ नको."

"उन्हात ठेवला व्हता," मावशी म्हणाली. "सूर्यबी तुमच्या मालकीचा हाय का?"

ती पदर खोचून निघून गेली. मी तिच्या घरात राहते, तिचं खाते, आणि माझ्याच आकड्यांपायी तिचं काम गेलं. ग्रुपवर मालकही होते. त्या दिवशी मी आकड्यासोबत माझा आवाजही पाठवला. "मालक, गिअरबॉक्सवर डबा नाही, माशीसुद्धा नाही. तरी तापतोय. उद्या ड्रम अडकला आणि पट्टा तुटला तर शेजारी बसलेल्या बायकांच्या अंगावर येईल. तेव्हा कुणाचा डबा धरणार?"

मालकांनी नांदेडहून मिस्त्री बोलावला. गिअरबॉक्स उघडला, तर तेलात बेअरिंगचे तुकडे. सुपरवायझर मिस्त्रीला सांगत होता, "टायमावर धरलं आपण."

आपण! मी तिथंच उभी होते. जाता जाता तो मला म्हणाला, "त्या म्हातारीला सांग, ये म्हणावं कामावर."

मी धावत घरी गेले. मावशी शेळीची धार काढत होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"चोरटी म्हणला चारचौघांत, अन् ये म्हणायला तुला धाडलं? त्याला तोंड न्हाई व्हय? दारात येऊन म्हण म्हणावं."

तो आला नाही. मावशी आता दुसऱ्यांच्या वावरात हळद काढायला जाते, गुडघे धरून परत येते, आणि मला आधी वाढते.

परवा मी त्याला विचारलंच, "मावशीकडं कधी जाता?"

"तिला गरज असंल तर येईल."

गरज तिला आहेच. मलाही आहे. म्हणून मी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या बेअरिंगकडं गेले. त्याचा येतो तितकाच राग मला माझ्या त्या गप्प बसण्याचा येतो.