सांडव्याचा दिवस

वर्षातून एकदाच मोठेबाबांचा फोन यायचा, तोही पावसाळ्यात. म्हणून भर मे महिन्यात मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हा चुकून लागला असेल असंच वाटलं. पलीकडे मोठीमाय होती, शेजारच्या पोरानं फोन लावून दिला होता. "गेले व माय..." एवढंच म्हणाली.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, मोठीमाय त्यांची बायको. चामोर्शीकडच्या आमच्या ढिवरांच्या गावात तलाव भरून सांडव्यावरून पाणी पडू लागलं की मासोळी चढते. एरवी वर्षभर तेवढी कधी गावत नाही. अशाच एका दिवशी माझे वडील सांडव्यात वाहून गेले. मी पाळण्यात होते. गावातली सगळी जाळी त्यांना शोधायला पडली, आणि एका जाळ्यात ते सापडले... तारीख कोणाच्या लक्षात राहिली नाही. मग दरवर्षी सांडवा चालेल तोच त्यांचा दिवस, आणि त्या दिवशी पाण्यात जाळं टाकायचं नाही, हे मोठेबाबांनी गावाकडून कबूल करून घेतलं.

"सांडवा चालला. येऊन जाय," एवढाच फोन. मी गोंडपिपरीहून पोचायची, तेव्हा ते तलावाच्या पाळीवर ठाण मांडून बसलेले असायचे, मांडीवर कोरडं जाळं. डोळ्यांदेखत मासोळी चालली म्हणून पोरं कुरकुरायची. "एक दिवस नाई खाल्ली त मरून राह्यले का?" म्हातारा मुलखाचा हेकट. पण त्या हेक्यापायीच मला बाप होता. त्याचा साधा फोटोही नाही माझ्याकडे.

यंदा गावातून कोणाचाच फोन आला नाही. तलाव भरला नसेल, अशी मी माझी समजूत घातली. मग परवा बाजारात आमच्या गावची रखमाबाई मासोळीचं टोपलं घेऊन बसलेली दिसली.

"तलाव भरला का व?"

"कालच सांडवा चालला ना. लय गावली." मग माझ्याकडे पाहून तिनं टोपल्यावर फडकं ओढलं.

तशीच गावी गेले. घरोघरी ओली जाळी टांगलेली होती. मोठेबाबांचं तेवढं खुंटीवर कोरडं. मोठीमाय म्हणाली, "मागाले आल्ते पोट्टे. मी नाई देल्लं."

पुढच्या साली फोन करशील का, मी विचारलं.

"मले नंबर कुठी लावता येते व..."

मी जाळं खुंटीवरून काढलं आणि एक दिवस उशिरा पाळीवर जाऊन बसले.