ज्याचे पेन त्याच्याच हातात

मुलांनो, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलेत, "आजी, टेबलावर एवढी पेनं कशाला?" तुमचे आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. आज लिहून सांगते. दिवाळीला तुम्ही याल तेव्हा आजोबा तुम्हाला ओळखतीलच असे नाही, आणि हे तुम्हाला दारात आल्यावर कळू नये. त्यांची आठवण जात चालली आहे. आधी चष्मा आणि किल्ल्या कुठे ठेवल्या ते विसरू लागले, मग शेजाऱ्यांची नावे गेली. आता रोज सकाळी मला एकच धास्ती असते, आज ते मला ओळखतील ना?

पेनांपासून सुरू करते, ते सोपे आहे.

आम्ही दोघेही शिक्षक. मी परभणीत मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवले, त्यांनी पालमला गणित. ते रोज एसटीने जाऊन येऊन करायचे. त्या रस्त्यावर खिशातले शाईचे पेन हमखास गळायचे. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाखाली निळा डाग असे. पांढऱ्या कपड्यांच्या बाबतीत मी फार काटेकोर, पण त्या डागांपुढे मी हात टेकले. बॉलपेन त्यांनी कधी हाती धरले नाही. "त्यानं लिहिलं की अक्षर कुणाचंबी वाटतंय," म्हणायचे. सेलू, पूर्णा, कुठेही गेले की एखाद्या जुन्या स्टेशनरीच्या दुकानात शिरायचे आणि खालच्या खणात धूळ खात पडलेले पेन घेऊन यायचे.

"अजून एक?"

"हे वेगळं हाय."

"काय वेगळं आहे?"

"टोपण."

पण नुसते शोभेला ठेवलेले एकही पेन घरात नव्हते. सगळी आळीपाळीने वापरात असत. रविवारी सकाळी पेनं धुवायची. आमच्या बोअरचे पाणी जड. त्यात धुतले की निबेखालच्या जिभेवर पांढरा थर धरतो आणि शाई उतरत नाही. म्हणून पाणी उकळून गार करून घ्यायचे. ते वर्तमानपत्रावर पेनं उघडून मांडायचे, मी ड्रॉपरने शाई भरायची. त्यांची शाई काळपट निळी, माझी साधी निळी. वह्या तपासायच्या लाल शाईची बाटली निराळ्या फळीवर असे. उन्हाळ्यात पेन नुसते पडून राहिले तर आतली शाई वाळून जाते. त्या दिवसांत सगळी पेनं माठाच्या तिवईखाली, गारव्याला, ओळीने निजवलेली असत.

एक नियम आम्ही दोघांनीही पाळला. एकमेकांच्या पेनाला हात लावायचा नाही. निब लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे झिजते. ते पेन जवळजवळ आडवे धरतात, मी उभे धरते. माझे रोजचे पेन गडद तांबडे, बारीक निबेचे, नोकरी लागली तेव्हा घेतलेले. एकदा गॅसवाला दारात उभा असताना त्यांनी घाईत त्याच पेनाने दाबून सही केली. दुपारी मी लिहायला बसले आणि मला कळले.

"एवढ्याशा सहीनं कळतंय व्हय तुला?"

"कळतं."

"मग पोलिसातच जायचं होतंस. शाळेत कशाला आलीस?"

आता त्यांचे लिहिणे थांबले आहे. कागद समोर ठेवला तर निब टेकवून बसून राहतात, आणि शाईचा ठिपका पसरत जातो. पण पेन उघडणे, धुणे, पुसणे, भरणे हे हातांना येते. म्हणून मी रविवारची वाट न पाहता रोजच तो पसारा मांडते. तुम्हाला कॉलवर दिसला तो हाच.

या मंगळवारी दुपारी असेच बसलो होतो. वाण्याला द्यायची यादी लिहायची म्हणून मी माझे तांबडे पेन उचलले. त्यांनी पटकन माझ्या मनगटावर हात ठेवला.

"बाई, ते ठिवा."

"का हो?"

"आमच्या मंडळीचं हाय ते. तिला चालत न्हाई दुसऱ्यानं घेतल्यालं."

मला वाटले, थट्टा करत आहेत. मी म्हटले, "दोनच ओळी लिहिते."

"दोन काय, अर्धीबी न्हाई. लय कडक हाय ती. आली की बरोबर वळखती, मग माझी खैर न्हाई. हे घ्या, माझ्यानं लिहा."

आणि त्यांनी स्वतःचे काळे पेन टोपण काढून माझ्यापुढे धरले. इतक्या वर्षांत ते त्यांनी कुणाला दिले नव्हते, मलाही नाही. मी घेतले. निब कागदावर खरखरत होती. साखर आणि तूरडाळ एवढेच लिहून मी थांबले. मग विचारले, "कुठं गेल्यात त्या?"

"शाळेत. यीलच आता." त्यांनी घड्याळाकडे पाहिले. "बसा की. भेटूनच जा."

मी बसले.

संध्याकाळी हे तुमच्या आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "आई, तू सारखं सांगत राहा, मीच ती." दुसऱ्या दिवशी सांगून पाहिले. ते घाबरले. खुर्ची मागे सरकवून दाराकडे बघत राहिले, आणि बराच वेळ पेनांनाही शिवले नाहीत. आता सांगत नाही. त्यांच्यासमोर माझे पेनही उचलत नाही. हे लिहिते आहे तेही त्यांच्याच पेनाने, शेजारी बसून, म्हणून अक्षर जाड आणि ओढल्यासारखे आले आहे.

एखादा दिवस अजून बरा जातो. "काय गं, चहा टाकतीस का?" म्हणतात, आणि मी हातातले सोडून उठते. असे दिवस कमी होत चालले आहेत. तुम्ही आलात की तुम्हालाही पाहुणे समजून 'बसा' म्हणतील. वाद घालू नका, बसा.

पेनं सगळी चालू आहेत. आजोबांना अजून पेन भरता येते. आपल्याला बायको आहे आणि ती घरी येणार आहे, हे त्यांना अजून माहीत आहे.