माझ्या उपवासांचं उद्यापन

बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यात, आमच्या गल्लीत, माझी ख्याती उपवासांची. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, आणि अधूनमधून कुणाच्या आजारपणासाठी बोललेला एखादा मंगळवार. हळदीकुंकवाला गेले की बायका आपल्या सुनांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत, बघा, शाळेची नोकरी सांभाळून करते. एका नव्या नवरीनं तर मला वाकून नमस्कार केला. मी तिला तोंड भरून आशीर्वाद दिला आणि घरी येऊन तिच्या सासूनं बांधून दिलेला शिरा उभ्याउभ्या, डब्यातूनच, बोटांनी संपवला. मग शेव. मग सकाळच्या उरलेल्या पोळ्या, साखर लावून. मग कच्चे शेंगदाणे, कारण दुसरं काही हाताला लागेना.

याला भूक म्हणू नका. पोटात कावळे ओरडतात ती भूक मला चांगली ओळखीची आहे. हे निराळं. एकदा हात चालू झाला की तो माझा राहत नसे. चव कळत नसे. पोट दुखायला लागलं तरी घास जातच राहायचे आणि मी बाजूला उभी राहून कुणा दुसऱ्याच बाईकडे बघतेय असं वाटायचं. मग लाज. मग त्या लाजेची सजा म्हणून आणखी एक वार उपवासाचा. तोही बऱ्याचदा दुपारी तीनपर्यंतच टिके. बाकीच्या बायका देवासाठी करत असतील. मी स्वतःला शिक्षा देत होते आणि गल्ली तिला पुण्य म्हणत होती.

‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये दर एकादशीला कुणीतरी म्हणायचंच. सगळ्या हसायच्या. मीही हसे आणि मनात म्हणे, दुप्पट? नुसतं दुप्पट खाल्लं असतं तर मी गावभर पेढे वाटले असते.

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई; मी त्यांना आई म्हणते. नवरा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये, महिन्याकाठी एकदा येतो. मुलगी इंदूरला कॉलेजात. मी शाळेतून साडेबाराला परत येते तेव्हा आई जेवून आपल्या खोलीत पडलेल्या असतात. मागच्या गल्लीत पॉवरलूम खडखडत असतात, त्या आवाजात डब्यांची झाकणं किती वेळा उघडली ते कुणाला ऐकू जात नाही. त्या दोन-तीन तासांची मला भीती वाटायची. सकाळी वर्गात फळ्यावर लिहितानाही वाटायची.

घरातलं संपू लागलं तेव्हा मी बाहेर गेले. मावा जिलेबी घ्यायची, तीही दर वेळी निराळ्या दुकानातून, आणि न विचारताच सांगायचं, ‘घर में मेहमान आए हैं।’ मग स्कूटी बहादरपूरच्या रस्त्याला काढायची. केळीच्या बागांपाशी एक जागा आहे, तिथं पाटाच्या कडेला सावली असते. पाहुणे, यजमान आणि वाढपी, सगळं मीच. बहादरपूरला माझ्या सख्ख्या भावाचं घर आहे. कितीदा तरी मी त्या घरासमोरून गेले, आत गेले नाही. वहिनीनं ताट वाढलं असतं आणि मी म्हणाले असते, आज उपवास आहे.

मदत मागितली नाही असं नाही. आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी साखर तपासली, थायरॉइड तपासलं, वजन बघून भुवया उंचावल्या आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही तर शिकलेल्या, जरा तोंडावर ताबा ठेवा. आहाराचा तक्ताही दिला. दोन दिवस मी तो इमानदारीनं पाळला. तिसऱ्या दिवशी तक्त्यातलं खाल्लं आणि तक्त्याबाहेरचंही खाल्लं. डॉक्टर वाईट नव्हते. मीच त्यांना अर्धं सांगितलं होतं, आणि अर्ध्या सांगण्याला अर्धंच औषध मिळतं.

मग नवऱ्याला फोनवर सांगून पाहिलं. शब्द जुळवायला मला आठवडा लागला होता. तो ऐकून हसला, प्रेमानंच हसला. ‘अगं खा की. कमावतो कशासाठी मी?’ आणि पुढच्या खेपेला सुरतेची घारी, ती माव्याची, तुपात घोळलेली मिठाई, घेऊन आला, दोन डबे. एक आईंना, एक मला. मला त्याचा इतका राग आला की तो आंघोळीला गेला असताना मी माझा डबा संपवला. त्याला वाटलं, बायकोला घारी आवडली.

शेवटी मोबाइलवर मीच शोधलं. याला आजार म्हणतात, त्याला उपचार असतो आणि मी जगात एकटी नाही, असं तिथं लिहिलं होतं. वाचून हायसं वाटायला हवं होतं; मी चिडले. इतकी वर्षं मी याला माझा स्वभाव समजून स्वतःला शिव्या घालत होते, त्या सगळ्या फुकट गेल्या म्हणायच्या. इंदूरच्या एक समुपदेशक बाई फोनवर बोलतात असं कळलं. दर शनिवारी दुपारी, हिंदीतून.

घरात बोलायची सोय नव्हती. मी राजघाटावर जाऊन बसायचे, पायऱ्यांवर, उन्हात, कानात वायर घालून. तापीकाठी फोनवर रडणारी बाई दिसली की लोकांना एक तर प्रेमप्रकरण वाटतं, नाहीतर जीव द्यायला आलेली. एका म्हातारीनं काळजीनं जवळ येऊन विचारलंसुद्धा, बेटी, सब ठीक? मी म्हणाले, हां अम्मा, नेटवर्क नहीं आ रहा. बाकी त्या शनिवारांइतकं मी आयुष्यात कुणाशी खरं बोलले नव्हते, आणि त्या समुपदेशक बाई कशा दिसतात तेही मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी पहिल्यांदा विचारलं, दिवसभरात काय-काय आणि कधी खाता. मी वारांप्रमाणे सांगत गेले.  मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, उपवास बंद. सगळे. पोट दिवसभर बांधून ठेवलं तर सुटल्यावर ते धावणारच; वेळेवर, पोटभर, साधं जेवा. दुसरी, एक तरी माणूस शोधा, ज्याला हे माहीत असेल आणि ज्याच्यासमोर बसून तुम्ही रोज एक वेळ जेवाल. ‘एकटीनं लढायची ही गोष्ट नाही,’ असं काहीतरी त्या हिंदीत म्हणाल्या. पहिलं बघते, मी म्हणाले. दुसऱ्याचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी नदीकडे बघत बसले. एवढ्या मोठ्या बुरहानपुरात मला एक माणूस सुचेना.

पण पहिलंही सोपं नव्हतं. सोमवार आणि शनिवार माझे होते, गुरुवार आईंचे. माझ्या लग्नाच्याही आधीपासून त्या गुरुवार करत होत्या. साखर निघाली, डॉक्टरांनी उपाशी राहायला बंदी केली, तेव्हा त्यांनी मला देवासमोर बसवून माझ्या तळहातावर पाणी सोडलं आणि आपले गुरुवार मला दिले. घरातली दुसरी कुठलीही वस्तू, अगदी गळ्यातली पोतसुद्धा, त्यांनी इतक्या विश्वासानं दिली नसती. असं व्रत कंटाळा आला म्हणून टाकता येत नाही. मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, टाकायचं नसतं, उद्यापन करायचं. पूजा करा, सवाष्णी जेवू घाला, देवाला सांगा की पोचलं, मग सुटलात. सगळ्या वारांचं एकदम? एकदम, म्हणाले, त्यात काय.

आईंना वाटलं, माझा काही नवस फळला. मुलीच्या शिक्षणाचाच असणार. त्या खूश झाल्या, गल्लीभर सांगून आल्या. मी त्यांचा समज मोडला नाही.

इंदूरच्या बाईंना हे सांगितलं तर आधी त्यांना हसू आलं. उपवास बंद करण्यासाठी मेजवानी? मग त्यांचा आवाज बदलला. ‘और उस दिन आप किसके साथ खाएँगी?’ मी म्हणाले, आमच्यात घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. ‘अकेली?’ त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले. इतक्या वर्षांत मला ते कधी एकटं वाटलंच नव्हतं, ती रीतच होती.

उद्यापनाला मांडे केले. खापरावर भाजलेले, पुरण भरलेले, रुमालाएवढे मांडे आमच्याकडे मोठ्या कार्याला लागतातच. बहादरपूरची वहिनी पहाटेच आली होती, मांडे तिनं केले. सोबत रशी, म्हणजे पुरणाच्या कटाची आमटी, भात, कुरडया, भजी. सवाष्णी पाटावर बसल्या, आई त्यांच्याबरोबर बसल्या, आणि मी वाढत राहिले. आग्रह करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. अजून अर्धा, माझी शपथ, असं म्हणत मी त्यांच्या ताटात ढकलत होते आणि तोंडाला पाणी नाही, घाम सुटत होता. ओट्या भरल्या, बायका गेल्या. वहिनीला म्हशींची वेळ गाठायची होती, तीही गेली. आई आपल्या खोलीत जाऊन पडल्या.

स्वयंपाकघरात मी आणि ती परात. फडक्याखाली मांड्यांची चळत, पातेल्यात पुरण, वाटीत तूप, ताटलीत कुरडया. उपवासातून आजच सुटले होते, आणि सकाळपासून पोटात चहाखेरीज काही नव्हतं. पुढं काय होणार ते मला तंतोतंत माहीत होतं. मी स्वतःसाठी ताट घेतलं. आणि मी हाक मारली, ‘आई!’

त्या दारात आल्या. कवळी काढून ठेवली होती, तोंड आत गेलेलं. काय सांडलं, म्हणून विचारलं.

‘काही नाही. मी जेवेपर्यंत माझ्याजवळ बसता का?’

‘तुले काय लहान लेकरासारखं भरवू? जेव निवांत. मी पडते जराशी.’

‘आई, मी एकटी बसले की मला थांबता येत नाही.’

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. डबे, जिलेब्या, केळीच्या बागेपाशी उभी केलेली स्कूटी, घारी, राजघाटावरचा फोन. नवस-बिवस काही फळलेला नाही, हेही. त्या दाराची चौकट धरून ऐकत राहिल्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘गुरुवारी बी?’

‘गुरुवारी पण.’

‘मी तुले माझे गुरुवार देले होते,’ आई म्हणाल्या, आणि वळून निघून गेल्या.

मला वाटलं, संपलं. ज्या एका माणसाला सांगायचं ते सांगून झालं आणि तो माणूस उठून गेला. घर इतकं रिकामं मला कधीच वाटलं नव्हतं. माझा हात परातीकडे गेला. स्पष्टच सांगते, गेला. फडकं बाजूला सारलं, वरचा मांडा तसाच मुठीत घेतला आणि तोंडाशी नेला.

तेवढ्यात आई परत आल्या. कवळी लावून आल्या होत्या, डोक्यावरचा पदर नीट करून, चारचौघांत बसायला निघाल्यासारख्या. पाट ओढून समोर बसल्या. माझ्या मुठीकडे त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील.

‘ताटात घे,’ म्हणाल्या. ‘रशी घे, भात घे. बसून खाय.’

मी बसले. मांडा ताटात ठेवला, रशी घेतली, भात घेतला. जेवले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, भिंतीकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर राग होता, तो लपवायचा त्यांनी जरासाही प्रयत्न केला नाही. मला रडू येत होतं तरी मी घास चावत होते. पुरणाला वेलची होती. ती मला लागली, कितीतरी काळानं. ताट संपलं तेव्हा माझी नजर परातीवर होती. आईंनी परात दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढून घेतली आणि तशाच बसून राहिल्या.

‘मी झोपते तवाच?’

‘हो.’

‘एकटीच?’

‘हो.’

त्या माझ्यावर रागावल्या होत्या, आजही त्या गुरुवारांबद्दल रागावलेल्या आहेत, आणि तो राग त्यांचा हक्काचा आहे. साखरेची गोळी असते म्हणून त्या अकरालाच, मी शाळेतून यायच्या आधीच, जेवून घेतात; डॉक्टरांनी लावून दिलेली ती वेळ त्यांनी सणावारीसुद्धा कधी टळू दिली नव्हती. आज सवाष्णींची पंगतही त्याच हिशेबानं अकराला बसवली होती.

‘डॉक्टरले फोन कर,’ आई म्हणाल्या. ‘मी एक वाजता जेवली त गोळी चालीन का, ते विचार.’