खाली आहे

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हालाच सांगतोय. बायकोला हे ठाऊक नाही, मुलाला नाही. ग्वाल्हेरमध्ये तर कुणालाच नाही. इथे आम्हां मराठी लोकांची घरं मोजकी, नया बाजारात कुणी शिंकलं की संध्याकाळपर्यंत मुरारमध्ये त्याच्या तब्येतीची चौकशी सुरू होते. अशा गावात मी एक गोष्ट नऊ वर्षं दाबून ठेवली. झाकली मूठ, दुसरं काय.

माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेला. हे अर्धंच झालं, आणि तेवढं लोकांना एका परीने माहीतही आहे. उरलेलं अर्धं असं, की त्याचा दोष मी त्याच्याच पदरात टाकला. आणि त्याने तो घेतला. खरा म्हणून घेतला.

हल्ली मी बांधकामांच्या साइटवर सेफ्टी शिकवतो. हेल्मेट, बूट, पट्टे, कुणी कुठे उभं राहायचं, लटकत्या ओझ्याखाली का जायचं नाही. मजूर कंटाळतात. मग मी त्यांना माझ्या एका नातेवाइकाची गोष्ट सांगतो. ते सांगलीहून पहिल्यांदा इकडे आले, स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने त्यांना 'खाली है' म्हटलं आणि हे वाकून रिक्षाच्या खाली बघायला लागले. आपल्याकडे खाली म्हणजे तळाशी, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. मजूर हसतात. ग्वाल्हेरच्या प्रत्येक मराठी घरात हा विनोद कुणा ना कुणाच्या नावावर सांगितला जातो. हसणं ओसरलं की मी म्हणतो, याच एका शब्दामुळे माझ्या साइटवर एकाचा पाय गेला. सगळे गप्प होतात. फार परिणाम होतो त्या गोष्टीचा.

ती गोष्ट खोटी आहे. रिक्षाची नव्हे, पायाची.

मुरारमध्ये सांडपाण्याच्या लाइनचं काम होतं. अरुंद रस्ता, मधोमध दोन माणसं खोल चर, आणि त्यात सिमेंटचे जाड पाइप उतरवायचे. उतरवायला हायड्रा, म्हणजे पुढे सोंड असलेली छोटी क्रेन. चालवणारा हरिओम, भिंडकडचा, हाताचा पक्का. पण तो कितीही पक्का असला तरी त्याला बसल्या जागेवरून चराचा तळ दिसत नाही. त्याला दिसतो इशारा देणाऱ्याचा हात. तळवा खाली दाबला की सोडायचं, मूठ वळली की जिथल्या तिथे धरायचं. म्हणून नियम एकच — इशारा देणाऱ्याने चराच्या काठावर उभं राहायचं, स्वतःच्या डोळ्यांनी तळ बघायचा, मगच हात हलवायचा. रोजचा इशारेवाला त्या दिवशी आला नव्हता. सुपरवायझर मी. हात माझा.

चरात उतरून पाइप जोडायचं काम विलासचं. त्याला या कामावर मीच आणलं होतं. आमच्याच गल्लीतला, गणपतीच्या दिवसांत मांडव घालायला सगळ्यांच्या पुढे. मला दादा म्हणायचा. पूर्ण साइटवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दिवसभर आमचं आपापसात मराठीच चाले. बाकीचे चिडवायचे, 'लो, इनका रेडियो चालू हो गया.' आम्हांला त्याचं बरंच वाटायचं. खरं सांगू का, त्या धुळीत तेवढंच घरचं होतं.

मे महिना. लू सुटलेली. ग्वाल्हेरचा मे ज्याने काढलाय त्याला वेगळं सांगायला नको, पण हे मी सबब म्हणून सांगत नाही. मी काठावर नव्हतो. समोरच्या भिंतीची हातभर सावली होती, तिच्यात जाऊन उभा होतो — पंधरा-वीस पावलांवर. तिथून हरिओमला माझा हात दिसत होता. मला चर दिसत नव्हता.

पाइप हवेत लटकलेला. हरिओम वैतागला होता. 'साब, कब तक टाँगे रहें?' रस्त्याच्या दोन्ही तोंडांना गाड्या अडलेल्या, हॉर्न चाललेले. मी जागेवरूनच ओरडून विलासला विचारलं, झालं का रे? चरातून त्याचा आवाज आला. मी तळवा खाली दाबला.

पाइप उतरला, काठाला एक टोक घासलं, आणि सगळा पाइप फिरून चराच्या भिंतीवर गेला. मधे विलास होता.

ते किंचाळणं मी इथे लिहीत नाही. उजवा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला.

त्याच संध्याकाळी मोठ्या साहेबांनी बोलावलं. हरिओम बाजूला उभा, तो एकच सांगत होता, 'इनने हाथ दिया, हमने छोड़ा.' खरं होतं ते. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझी पाचावर धारण बसली होती. आणि तेव्हा — मी ठरवून आलो नव्हतो, पण ठरवलं नसताना इतकं सफाईने खोटं बोलता येतं का? — मी म्हणालो, साहेब, मी चरात कुणी आहे का विचारलं, तो म्हणाला 'खाली आहे'. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत 'आहे'चा 'ए' होतो. मला ऐकू आलं 'खाली है'. मला वाटलं, रिकामं आहे.

साहेबांनी मान हलवली. इतकं पटण्यासारखं होतं ते. रिक्षाचा तो घरगुती विनोद मी असा कामाला लावला. चौकशीच्या कागदावर 'भाषेतील गैरसमज' असा शेरा लागला. मी काठावर का नव्हतो हे कुणी विचारलं नाही. हरिओमने त्या महिन्यात काम सोडलं, जाताना माझ्याशी बोलला नाही. साइटवर पाटी लागली — काम के समय केवल हिंदी बोलें. पुढे मला सेफ्टीचं काम मिळालं, कारण म्हणे मी अनुभवातून शिकलो होतो.

इथवर थांबलो असतो, तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. भित्री माणसं जगात पुष्कळ असतात. पण मी इस्पितळात गेलो.

विलासला त्या दिवसाचं सकाळच्या चहानंतरचं काही आठवत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. तो पडल्या पडल्या मला म्हणाला, 'दादा, मला काहीच याद नाही हो. मी काय बोललो होतो? तुम्हीच सांगा.'

तुम्हीच सांगा. ते ऐकून मला काय वाटलं असेल? लाज? नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. सांगायला नको, पण तसंच वाटलं. मी स्टूल पुढे ओढलं आणि त्याला त्याचे शब्द सांगितले. 'खाली आहे' एवढंच म्हणालास. गोंधळ झाला रे. कुणाचाच दोष नाही.

त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, 'माफ करा दादा. साइटवर मी हिंदीतच बोलायला पाहिजे होतं. तुम्हांला फुकट त्रास झाला.'

त्याने माझी माफी मागितली. आणि मी काय केलं? मी म्हणालो, जाऊ दे.

आता तो घराच्या पुढच्या खोलीत मोबाइल दुरुस्त करतो. कुबड्या दाराआड उभ्या असतात. मी दर दसऱ्याला सोनं द्यायला जातो, न गेलो तर लोक विचारतील — चोराच्या मनात चांदणं. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, आता अकराची आहे. दार तीच उघडते. 'अंकल आए हैं, पापा.' त्या घरात आता मराठी बोलत नाहीत. विलासनेच बंद केलं. बायकोला सांगितलं, एका शब्दाने माझा पाय नेला, पोरीच्या नशिबी ही भानगड नको. गेल्या दसऱ्याला बोलता बोलता त्याच्या बायकोच्या तोंडून 'बसा ना भाऊजी' निघून गेलं, तर विलासने तिच्याकडे असं बघितलं की तिने लगेच ते हिंदीत म्हटलं. मीही हिंदीतच उत्तर दिलं. चहा घेतला. चांगला होता.

मुलीला आपट्याची पानं दिली तेव्हा तिला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. 'थैंक्यू अंकल' म्हणाली.

त्या दिवशी चरातून काय आवाज आला होता ते नऊ वर्षांत मी मोठ्याने कधी उच्चारलेलं नाही. मजुरांना सांगताना मी नेहमी त्यातले पहिले दोनच शब्द सांगतो. हॉर्न चालले होते, हायड्राचं इंजिन चाललं होतं, तरी मला सगळं ऐकू आलं होतं, एकेक अक्षर. आणि अर्थही कळला होता, आपल्या भाषेतला. मला वाटलं, चपळ आहे, सरकेल बाजूला, नेहमी सरकतो. सावलीतून काठापर्यंत जायचा मला कंटाळा आला होता. म्हणून मी हात दाबला.

तो म्हणाला होता, 'खाली आहे मी दादा, थांबा.'

'थांबा'चा हिंदीत दुसरा काही अर्थ होत नाही.